रात्रीचं रक्त

घणसोली गावठाणात रात्री साडेनऊनंतर दार वाजवलं
की लोकांना वाटतं, वीजबिलवाले.
मग माझ्या हातातली सुई दिसते
आणि दार अर्धंच उघडतं.

"दिवसा या की हो बाई, जेवणं चाललीत."
दिवसा येऊन काही सापडत नाही, मावशी.
दिवसभर ते फुप्फुसात दडून असतात.
डास कामावर निघाले की वर येतात,
बोटांच्या टोकांशी, कानाच्या पाळीशी,
थांब्यावर येऊन उभं राहावं तसे.
त्यांना घड्याळ कुणी बांधलं ठाऊक नाही.
मी मात्र सतरा वर्षं
त्यांच्याच घड्याळावर नोकरी करते.

हरेश्वर नावं लिहितो, वय, घर नंबर.
मी तीन थेंब घेते, काचेवर पसरते.
एक्केचाळीस नंबरला आठ-नऊ वर्षांचा पोरगा,
बोट स्वतःच पुढे करून विचारतो,
"दिसतो का तो?"
उद्या दिसेल. असला तर.
"केवढा असतो?"
बारीक मिठाच्या कणाएवढा लांब.

मीठ म्हटलं की मला पदाजीकाका आठवतो.
मिठागरावर फळी ओढायचा.
डावा पाय पायजम्यात जाईना
म्हणून आईनं एकाच बाजूची शिवण उसवून दिली होती.
लोक म्हणायचे, खाजणातल्या आसरांनी धरलंय.
त्यानंही ते मानलं, नारळ दिले,
आणि तो पाय ओढत ओढत सगळ्यांच्या लग्नांना गेला.
रात्री दहा वाजता त्याच्याकडे
बोट मागायला कुणी आलं नव्हतं.

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत
सगळ्यांना कळलंय, मी जंत ओळखते.
शाळेतून पांढरी गोळी आणली की पोरं मला दाखवतात,
चघळून खायची ना, विचारतात.
गेल्या महिन्यात पारखेकाकू गच्चीवर घेऊन गेल्या.
निळ्या पिंपातलं वांगं दुपारी मान टाकायचं,
संध्याकाळी पुन्हा उभं. असं पंधरा दिवस.
त्या पाणी वाढवत होत्या.
मी म्हटलं, एक रोप उपटू या.
त्यांनी तोंड फिरवलं.

मुळांवर गाठी, ओल्या हळकुंडासारख्या.
मुगाच्या मुळांवरही गाठी असतात,
त्या नखानं निघतात, त्या देणेकरी.
ह्या निघत नाहीत, मूळच फुगलेलं असतं.
एक चिरली, भिंगाखाली धरली:
मोत्याएवढीही नाही, मोत्यासारखी मात्र,
फुगलेली, पांढरी, एकटी मादी.
लहानपणी हीसुद्धा सुतासारखी होती,
मातीतल्या ओलीवरून पोहत आली,
मुळात तोंड खुपसलं
आणि बसली ती उठलीच नाही.
मागे चिकट डिंकात तीन-चारशे अंडी.
काकू म्हणाल्या, "मेली आहे तरी किती सुंदर."
मग लगेच, "शी."

मी त्यांना सांगितलं नाही
की त्याच पिंपात, त्याच मुठीत
हजारो आणखी आहेत, ज्यांना वांग्याशी देणंघेणं नाही,
जे जिवाणू खातात, कुजलेलं मोकळं करतात
आणि कुणाच्याही रक्तात न येता मरतात.
बाराखडीत त्यांचं नाव नाही.
आपल्याला कळतात ते फक्त गुन्हेगार.
काकूंनी आता पिंपात झेंडू लावलाय.
तोरणाला नाही, मुळांसाठी.
हे त्या सगळ्यांना सांगतात, थोड्या जास्तच वेळा.

सकाळी काचा रंगवल्या. चाळीस कोऱ्या.
एक्केचाळिसावर थांबले, भिंग फिरवलं, पुन्हा थांबले.
जांभळा, वळसा घेऊन पडलेला,
अंगावर सैल झग्यासारखं आवरण,
शिंप्याच्या पायाशी पडलेला दोरा.
एकच होता. एक पुरतो.
हरेश्वरला म्हटलं, तू बघ.
त्यानं बघितलं आणि वही उघडली.
पारस मढवी, वय नऊ.

पाय होण्याआधीच्या गोळ्या असतात.
पाय झाल्यावर फक्त साबण, पाणी, कोरडं फडकं.
मी गोळ्या मोजून पुडीत बांधल्या,
जेवल्यावर घ्यायच्या, असं वर लिहिलं,
आणि सतरा वर्षांत क्वचितच जाते
तशी त्या गल्लीत उन्हात गेले.

दार पूर्ण उघडं होतं.
पोरगा उंबऱ्यावर बसून
बोटावरची खपली काढत होता.
मला पाहून उठला.
"दिसला?"